रपट्यानं नको, पाळीनं

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, तरी आज तुलाच लिहून राहिले. काय करू? आज सहावीच्या वर्गात एक पोरगी उभी राहिली नि म्हणाली, "मॅडम, भूगोल कायले शिकाचा? आमाले तं धानच लावाचे हायेत." सारा वर्ग खो खो हसला. आणि तुझी ही लेक, भूगोलाची मास्तरीण, फळ्याकडे वळून उगाच तारीख खोडून पुन्हा लिहू लागली! घंटा झाली म्हणून सुटले. घरी आले ती थेट कागद घेऊन बसले, कारण हा प्रश्न पहिल्यांदा तूच विचारला होतास.

आठवते? देवरीला कॉलेजात होते तेव्हा मी भारताचा नकाशा आणून मातीच्या भिंतीवर ठोकला. तू सारवता सारवता थांबलीस. बोटं शेणानं भरलेली, म्हणून कोपरानं दाखवत म्हणालीस, "याच्यात आपला टोला कुठी हाये वो?" मी म्हटलं, "इतकी लहान वस्ती नाही दाखवत, माय." "मंग हा नकाशा कोणाच्या कामाचा?" एवढं बोलून तू पुन्हा सारवायला लागलीस. किती राग आला होता मला!

मग एकदा म्हणालीस, "इतका भूगोल शिकून राहिली, आपला नाला कुठून येते सांग बरं." मी अमेझॉनच्या उपनद्या घडाघडा म्हणून दाखवल्या! तू हसलीस. "मांगच्या डोंगरातून येते, बाई. डोंगर काळा झाला का नाला भरला समज. आपल्या इथं ऊन का असेना." मी कुठं ऐकतेय? त्याच वर्षी पेपरात पाणलोट क्षेत्राची व्याख्या लिहून पूर्ण गुण घेतले. तू सांगितलंस ते आणि मी लिहिलं ते एकच होतं, हे कळायला तुला जावं लागलं.

धानाची कोणती बांदी पाण्यानं आधी भरते, कोणत्या उतारावरचा मोह आधी गळतो, सारं तुझ्या पायांना ठाऊक. आणि मी मैत्रिणींना सांगत फिरायची, "आमच्या मायला काहीच समजत नाही." लाज वाटते गं आता.

त्या दुपारचं मी आजवर कोणाला सांगितलं नाही. भादव्याचे दिवस. धान निंदता निंदता तुझ्या पायाला साप डसला. बाबांनी तुला उचलून घरी आणलं नि खाटेवर टाकलं, मी शेजारच्यांच्या मोबाइलवरून चिचगडला दवाखान्यात फोन लावला. गाडीचा ड्रायव्हर भला माणूस. विचारत होता, "दीदी, किधर से आऊँ? रपटे से, के तालाब की पाळ से?" त्यानं विचारलं होतं, माय! मलाच विचारलं होतं.

बाबा बाहेर माणसं गोळा करत होते. तू माझं मनगट धरलंस. तुझी जीभ जड झाली होती, तरी बोललीस, "रपट्यानं नोको म्हण. डोंगर सकाळपासून काळा हाये. पाळीनं ये म्हण." मी दाराबाहेर पाहिलं. लख्ख ऊन! नाल्यावरचा बुटका रपटा जवळचा, तलावाच्या पाळीवरून यायचं तर केवढा फेरा. "चूप राह माय, तुला काय समजते?" म्हटलं आणि फोनवर सांगितलं, "रपट्यावरून या, लवकर या."

रपट्यावर छातीभर पाणी होतं. त्याचा फोन आला, "दीदी, नाला चढा हुआ है, गाडी नहीं निकलेगी." तो मागे फिरला, पाळीनंच आला. त्यात तासभर गेला. चिचगडच्या अलीकडेच माझ्या मांडीवर तुझी मान कलली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर, बाबा चारचौघांत म्हणाले, "ड्रायवरनं घात केला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही खाली मान घालून बसले. अजून तो ड्रायव्हर बाजारात भेटला की आधी तोच हात जोडतो, आणि बाबा तोंड फिरवतात. आणि मी? मी भाजी निवडत बसते.

माय, तू रागावली तरी होतीस का माझ्यावर? रागवायला तरी हवं होतंस! शेवटपर्यंत माझं मनगट मात्र सोडलं नाहीस.

त्या पोरीला काय सांगू, ते आता ठरवलं. सोमवारी पुस्तक बंद. साऱ्या वर्गाला रपट्यापासून नाल्याकाठानं डोंगरापर्यंत चालवत नेईन. पाणी कुठून येते, ते त्यांच्या डोळ्यांनी पाहू दे. मग नकाशा काढू. त्यात आधी आपला टोला, मग तलाव, मग पाळीचा रस्ता. हा रस्ता कोणी सांगितला होता, तेही सांगीन.

पण त्याआधी उद्या बाबांना घेऊन ड्रायव्हरच्या घरी जाणार आहे. त्या दोघांसमोर सांगणार की रपट्याचा रस्ता मी सांगितला, आणि माय नको म्हणत होती. बाबा चिडतील. कदाचित माझ्याशी बोलणंच सोडतील. सोडू देत. तरी सांगणार, माय. हा शब्द देते.

तुझं न ऐकलेली,
सुनंदा