डाव्या खांद्याचं फूल

ताडकळस,
दि. १३ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. दैवशालाअक्कास,
वैजीनाथचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे ठीक. शिवकन्येचे गुडघे कुरकुरतात आणि मी त्यांच्यावर कुरकुरतो, एवढंच. हरभरा चांगला उगवलाय. दाजींना नमस्कार सांग. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मध्येच रडतेस आणि मी मध्येच खोटं बोलतो, म्हणून.

नांदेडच्या डॉक्टरांनी तुझ्या हृदयाची झडप बदलायला सांगितली. नाही बदलली तर वर्ष निघणं अवघड, असंही म्हणाले. त्यावर तुझा निरोप आला, "मारोतीला कौल लाव. उजवं पडलं तरच जाते मी, न्हाईतर न्हाई." ती झडप कशाची असते, हे तू विचारलंस का? मी विचारलं. धातूची. बसवल्यावर खोलीत शांतता असली की टिकटिक ऐकू येते म्हणे. मला हे ऐकून भलतीच गंमत वाटली, डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

कुठलीही गोष्ट चालते कशी, हे तपासून बघायची मला लहानपणापासून खोड आहे, तुला माहीत आहे. पण त्या खोडीने एकदा काय केलं, ते तुला माहीत नाही.

तू अठरा वर्षांची होतीस. परभणीला नर्सिंगला नंबर लागला होता. अण्णांनी कौल लावायचं ठरवलं, आणि त्यांचा हात मोडलेला म्हणून गाभाऱ्यात मला पाठवलं. मारोतीच्या दोन्ही खांद्यांना ओली फुलं लावायची, उजवं आधी पडलं तर जा, डावं पडलं तर थांब. गुरवाच्या घरात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी मला एकच प्रश्न पडला होता, घट्ट चिकटवलेलं फूल देव पाडू शकतो का? मी उजवं फूल शेंदरात अंगठ्याने दाबून बसवलं. डावं नुसतं टेकवलं. तुझ्या नर्सिंगचा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता.

डावं पडलं. दोन महिन्यांत तुला बोरीला दिली. तेहतीस वर्षं झाली, मी कुणाला सांगितलं नाही. परवा शिवकन्येला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लय दिवस पोटात ठिवलं तुमी. आता त्यांना सांगा, न्हाईतर मी सांगते."

तू म्हणालीस तसा मी शनिवारी कौल लावला. या वेळी दोन्ही फुलं सारखी लावली, श्वाससुद्धा रोखून धरला. अक्का, डावंच पडलं.

तुला उजवं म्हणून कळवावं, असं दहादा मनात आलं. नाही कळवलं. तासभर तिथेच बसून राहिलो. एका पोराच्या अंगठ्याने ज्याला फसवता येतं, तो देव कसला? आणि तो फसला नसेल, तर त्या दिवशी त्याने फुलातून काही सांगितलंच नव्हतं. मग या शनिवारी सांगितलं, असं मी कशाच्या जोरावर म्हणू? मला त्याची भीती वाटते आणि माझा त्याच्यावर विश्वासही आहे. दोन्ही खरं. तू ऑपरेशन करून घे.

मी चुकत असेन. काही कमीजास्त झालं तर दाजी मला दारात उभं करणार नाहीत, आणि गावही म्हणेल की गुरवानेच कौल मोडला. ते म्हणू दे. मंगळवारी पहिल्या गाडीने बोरीला येतो, तिथून नांदेडला जाऊ. दवाखान्यात घरच्यांची सही लागते. दाजींना धीर झाला नाही तर मी करीन.

नर्सिंगचं वाचून तुला माझा राग येईल. यायलाच पाहिजे. पण तो आत्ता फोनवर काढू नकोस, बरी होऊन घरी आलीस की समोर बसवून काढ. कितीही वर्षं काढ.

तुझ्या रागाची वाट पाहणारा,
वैजीनाथ