तिरंबीचे शुद्धलेखन

१ जानेवारी १९५७, छत्रीबाग, इंदूर
संकल्प: या वर्षी माझ्या कल्पनेतला तिरंबा देश पुरा करायचा. नकाशा, राजवंश, हवामान आणि मुख्य म्हणजे भाषा, तिरंबी. होळीपर्यंत पाच हजार शब्द. रोजचे सदुसष्ट. ऑफिसात वेळच वेळ असतो.

४ जानेवारी
एकूण शब्द सात. पण व्याकरण जबर, काळच अकरा! हेडक्लार्क प्रतापराव मागे येऊन उभे. म्हणाले, "लक्ष्मीकांतजी, ये क्या चल रिया है?" मी म्हटले, अर्जंट फाइल. त्यांनी सही करून टाकली.

६ जानेवारी, रविवार
नकाशा रंगवला. चहा ठेवता ठेवता बायको, शारदा, म्हणाली, "अहो, ही नदी समुद्रातून निघून डोंगरावर कशी चढते? आपली खान नदीसुद्धा खालीच जाते." तिला शास्त्रीय बाजू कळायची नाही. नदी खोडून तिथे हायवे केला.

१९ जानेवारी
भाषेला बोलणारे हवेत. शारदा आणि बेबीला शिकवायला घेतले. बेबी नऊ वर्षांची, म्हणते, "बाबा, ये तो एकदम सोप्पं आहे." शारदा मेथी निवडत म्हणाली, "अकरा काळ कशाला? तीनात भागतं की." हिला निदान वर्ष लागेल.

२ फेब्रुवारी
मायलेकी स्वयंपाकघरात तिरंबीत बोलतात आणि खिदळतात. त्यातला एक शब्द माझ्या कोशात नाही! जाब विचारला. शारदा म्हणाली, "लागत होता, म्हणून केला." परवानगी नाही, काही नाही. उद्यापासून कडक धोरण.

११ फेब्रुवारी
ऑर्डर आली. आमचे खाते नव्या राजधानीत जाणार. पंधरा दिवसांत भोपाळला हजर व्हा. शारदेला योग्य वेळी सांगेन. तोवर कोशाच्या वहीत फक्त तिरंबीत नोंद, म्हणजे कोणाला कळायचे नाही: सुका मे भोपाळ तुंबे. (भोपाळला शब्द केला नव्हता. तसाच ठेवला.)

१२ फेब्रुवारी
सकाळी ताट वाढताना शारदा म्हणाली, "कधी निघायचंय भोपाळला?" कोशाची वही टेबलावर उघडी राहिली होती. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मला तोंडाने सांगता येत नव्हतं का?" मी म्हटले, तुझे तिरंबी वाचन छान सुधारले आहे. कौतुकच केले. तेव्हापासून अबोला.

२५ फेब्रुवारी, भोपाळ
भाड्याची खोली. बेबीची परीक्षा एप्रिलात, तोवर दोघी इंदूरलाच. निघेपर्यंत शारदा कामापुरतेच बोलली. तिला तूर्त ऑफिसचा पत्ता दिला आहे. एका परीने उत्तम. एकांतात काम सपाट्याने होईल.

१० मार्च
एकूण शब्द एकशे बारा. निम्मे खाण्याचे. खाणावळीतल्या वरणाला मात्र कुठल्याच भाषेत शब्द सापडत नाही. बेबीची आठवण येते.

२१ मार्च
शारदेचे पत्र! दोन पाने, सगळे तिरंबीत. अबोला सुटला. ऑफिसातच डोळे भरून आले. पण चुका केवढ्या! काळ तीनच. अर्धे शब्द तिचे स्वतःचे. रविवारी निवांत बघतो.

२४ मार्च, रविवार
संध्याकाळपर्यंत खोलीबाहेर पडलो नाही. सकाळपासून लाल शाईने पत्र तपासले. शंभरपैकी एकतीस गुण. आधी शुद्धलेखन, अर्थ सावकाश. संध्याकाळी पोस्टात टाकले.

२८ मार्च
शारदेचे कार्ड आले. मराठीत.
"तपासलेलं पत्र मिळालं. त्यात लिहिलं होतं की रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघी येतो, स्टेशनवर घ्यायला या. खोलीचा पत्ता माझ्याकडे नव्हता आणि ऑफिस बंद. बेबी तीन तास बाकावर बसून होती. गेटमधून कोणी आत आलं की उठून उभी राहायची. संध्याकाळच्या गाडीने परत आलो. परीक्षेनंतर यायचं की नाही, ते मी बघेन."
कार्ड चार वेळा वाचले. एकही चूक सापडली नाही.