फाट्यापासून घरापर्यंत

१२ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने रचतोस, म्हणून पुन्हा पत्रावर आले. मी बरी आहे, शिलाईचं यंत्रही बरं आहे. धड नाही तो आमचा रस्ता.

यंदाच्या पावसाने खडी सगळी धुऊन शेजारच्या शेतात नेली. फाट्यापासून आमच्या चार घरांपर्यंत नुसते चर पडलेत. दूधगाडीवाल्याच्या गाडीचा पाटा तुटला, तेव्हापासून तो फाट्यावरच थांबतो आणि शेजारचे गवळीभाऊ कॅन डोक्यावर घेऊन तिथवर जातात. माझ्याकडे कपडे शिवायला येणाऱ्या बायकांनी तर नादच सोडला. आठवडा आठवडा दारात माणूस दिसत नाही. परवा मी यंत्राला रागावले की आज फार करकरतोयस, आणि मग त्याची समजूतही काढली. हसू नकोस, कुणाशी तरी बोलायला हवं ना.

वहिनीला जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर तू एकदाही आला नाहीस. दर वेळी म्हणतोस, माझी कंबर त्या रस्त्यावर टिकायची नाही. बरं बाबा, मग रस्ता कसा करून घ्यायचा ते तरी सांग. जन्मभर रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर होतास आणि सख्ख्या बहिणीच्या दारी हे असं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तू यावास एवढंच मला हवंय. माया असू दे.

तुझी,
ठमी

२० नोव्हेंबर

चि. ठमीस,
अ. उ. आ.

साठी उलटली तरी जीभ तश्शीच आहे तुझी. वाचून बरं वाटलं.

आता नीट ऐक. नुसतं ‘रस्ता दुरुस्त करा’ असं लिहिलंस तर अर्ज फायलीत सुखाने झोपतो. काय हवं ते नेमकं माग. आधी दोन्ही कडेची गटारं उपसायची. मग रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता करून घ्यायचा, म्हणजे पाणी वर थांबत नाही. वळणावर ओढा आडवा येतो तिथे खालून पाइप घालायचा. त्यानंतर खडी-मुरूम आणि वरून रोलर. हे पाणी काढल्याशिवाय खडी ओतली, तर पुढच्या पावसात ती पुन्हा शेजाऱ्याच्याच शेतात.

अर्ज चारही घरांचा मिळून हवा. दूधगाडीवाल्याची सही घे, तपासणीला येणाऱ्या नर्सबाईंची घे. ज्याचं काम अडतं त्याची सही वजनदार. पाऊस पडून गेल्यावरचे फोटो जोड. मार्चअखेर उरकायची कामं ठरण्याआधी अर्ज पोचला पाहिजे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. साहेब पाहणीला आले की सोबत सगळा रस्ता पायी चाल, गाडीतून दाखवू नकोस.

मी इथे ठीक आहे. सकाळी पेपर, दुपारी पेपरच. कंबरेचं म्हणशील तर रस्ता झाला की त्यावरून पहिला येणारा मी. शब्द आहे माझा.

आशीर्वाद आहेतच.

दादा

२८ डिसेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसाच अर्ज केला. खिडकीतला माणूस उद्या या म्हणाला, तर मी तिथेच बाकावर विणकाम काढून बसले. मुकाट्याने पोच दिली त्याने.

काल साहेब पाहणी करून गेले. आदल्या दिवशी आम्ही चारही घरांनी मिळून खड्ड्यांत माती आणि विटांचे तुकडे भरले, गवळीभाऊंनी वरून फळी ओढली, मी वळण झाडून काढलं. मोठा माणूस आपल्या दारी येणार, त्याला खड्ड्यांतून आणायचं का, असंच सगळ्यांना वाटलं. साहेब चांगले निघाले. चहा घेतला, आणि जाताना म्हणाले की असा रस्ता फार कमी ठिकाणी दिसतो.

आता काम लवकर होईल असं वाटतं. माझं लक्ष सारखं तुझ्या येण्याकडे आहे. प्रकृतीला जप.

तुझी,
ठमी

६ जानेवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

कपाळावर हात मारून घेतला, मग दुसऱ्यांदाही मारला. अगं, वैद्य घरी येणार म्हणून कुणी पावडर लावून बसतं का? त्या भल्या माणसाने आता ‘रस्ता समाधानकारक’ असा शेरा मारला असेल. म्हणजे तुमचा अर्ज तुम्हीच फेटाळलात.

आता हात पोटाशी घेऊन बसा. एकही खड्डा बुजवायचा नाही. एखादा अवकाळी पाऊस झाला की फोटो काढा, आणि जे केलं ते खरं खरं लिहून फेरपाहणी मागा. पाहुणे येणार म्हणून झाडलं, असंच लिही. साहेबालाही आई असेल, त्याला कळेल.

इतका हसलो की शेजारच्या काकू भिंत ठोकून विचारू लागल्या, काय झालं म्हणून. बऱ्याच महिन्यांनी हसलो. तुझं पत्र आलं की दिवस बरा जातो. लवकर लिही.

दादा

१९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रस्ता झाला.

अवकाळी पाऊस आला आणि आमची माती एका रात्रीत वाहून गेली. फोटो काढले, तू म्हणालास तसं खरं लिहिलं. साहेब पुन्हा आले, हसले, आणि या वेळी बुटांसकट चिखलात उतरले. मग गटारं उपसली, वळणावर पाइप बसला, खडी पडली, रोलर फिरला. पाइपाचं तोंड पावसाआधी आणि पावसात आम्हीच साफ ठेवायचं, प्रत्येक घराने पाळीपाळीने, असं ठरलंय. वर्षातून दोनदा खात्याचं यंत्र येऊन रस्ता सारखा करील.

दूधगाडी थेट गोठ्याशी येते. परवा दोघी बायका कापड घेऊन आल्या, तर किती बोलू नि किती नको असं झालं मला.

आता तू ये. पुढच्या खोलीत खाट टाकली आहे. चादरी धुतल्या, उशी उन्हात दिली. तारीख तेवढी कळव.

वाट पाहते.
ठमी

२ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

आनंद झाला. शाबास. गटारात पालापाचोळा साठू देऊ नकोस. शेताचं पाणी कुणी रस्त्यावर सोडत असेल तर वेळीच सांग.

येणार होतो, पण इथे नळाचं काम निघालं आहे. डॉक्टरांचीही तारीख आहे. शिवाय नवा रस्ता एक पाऊस खाल्ल्यावर बसतो, तेव्हा पावसानंतर पाहू.

दादा

२५ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फाट्यावरचा दुकानदार काल सुया घेताना सहज म्हणाला की बुधवारी दुपारच्या बसने एक म्हातारे गृहस्थ उतरले होते. खात्याचे बडे साहेब असावेत, असं त्याला वाटलं. रस्त्याच्या तोंडाशी उभे राहिले, वाकून खडी हातात घेतली, गटारात छत्री घालून खोली पाहिली. मग वळणापर्यंत गेले. तिथून माझं घर दिसतं. तिथे बराच वेळ उभे होते म्हणे. मग परत येऊन त्याच्या बाकावर बसले, पाणी मागितलं आणि परतीची बस धरली. पिशवीत काय होतं तर खोबरेल तेलाची बाटली आणि लोकरीचे गुंडे, ते बाकावरच विसरून गेले. दुकानदाराने ते मला दाखवले. लोकर वहिनी आणायची त्याच दुकानातली आहे.

मी त्या वेळी घरातच होते, दादा. दार उघडं होतं.

मी रागावलेली नाही. थोडी रडले, ते खोटं कशाला सांगू. कंबरेचं कारण कधीच नव्हतं, हे मला आत कुठेतरी ठाऊक होतं, पण मानायचं नव्हतं. तुम्ही दोघं नेहमी बरोबर यायचात. ती दारातूनच मला हाक मारायची आणि तू मागून पिशव्या घेऊन यायचास. ती हाक नसताना आत पाऊल टाकणं तुला जड जातं. मलाही त्या दाराकडे पाहणं सुरुवातीला जड गेलं. पण मला तिथेच राहायचं होतं, तेव्हा पाहावं लागलं. रस्ता झाला की तू येशील या आशेवर मी इतकी धावपळ केली. तुझ्या मनातलं काही खडी टाकून सारखं होणारं नव्हतं, एवढं मला कळायला हवं होतं.

तेव्हा आता असं करू. पुढच्या बुधवारी दुपारच्या बसला मी फाट्यावर येऊन बसते. रस्ता चांगला आहे, मला चालत येता येतं. घरी चल असं मी म्हणणार नाही, वहिनीचा विषयही तू काढल्याशिवाय काढणार नाही. बाकावर बसू, चहा घेऊ, परतीची बस आली की तू जा. त्याच्या पुढच्या बुधवारीही मी येईन.

तुझी,
ठमी