उतारावरची आयुधपूजा

म्हैसूर

प्रिय नव्या,

चेन्नईत बसून तू म्हणशील, अज्जीला झालं तरी काय, फोन सोडून पत्र लिहायला लागली. माझी शाळा तिसरीपर्यंतची. मी एक ओळ लिहीपर्यंत तुझी आई विद्या दहा चपात्या लाटून मोकळी होते. पण फोन लावून द्यायला मला सूनबाईच लागते, आणि लावून दिला की ती तिथंच भाजी चिरत बसते. हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. कालपासून मला माझीच लाज वाटतेय. मन मात्र आनंदात आहे. दोन्ही एकदम कसं होतं ते मला विचारू नको, मलाही पहिल्यांदाच झालंय.

परवा तू आईला सांगितलंस, ती गाडी विकून टाक, टेकडीवरच्या योगकेंद्राचं गवत कापायचं काम सोड आणि इकडे राहायला ये. रविवारी गाडी घेणाऱ्याला हो म्हणायचं, असंही ठरवून टाकलंस. पप्पा गेले, आता तू एकटीच आहेस मला, म्हणालीस. मी शेजारीच होते, सगळं ऐकलं. विद्या नुसती हूं हूं करत राहिली. फोन ठेवल्यावर तिनं कापलेली भेंडी पुन्हा कापली, पार बारीक केली. त्या दिवशी भाजी कसली, लगदाच खाल्ला आम्ही.

अगं, गवत कापायची गाडी तिनं उगीच नाही घेतली. तू फोनवर फोटो बघितलेस, पण दुकानातली गंमत तुला ठाऊक नाही. दुकानदारानं आधी लाल, उंच गाडी दाखवली. मी म्हटलं, ही उतारावर अंबारीसारखी डुलेल. तो हसला, विद्या नाही हसली. तिनं आधीच उतारावर फळी टाकून, तिच्यावर फोन ठेवून उतार मोजून आणला होता. वर दहा अंश, मधे तेरा, तळ्याकडच्या कोपऱ्यात बावीस. पंधराच्या वर बसायची गाडी न्यायचीच नाही, तो कोपरा खांद्यावरच्या कटरनंच कापायचा, असं तिनं दुकानदारालाच ऐकवलं. मी जन्मभर विळ्यानं गवत कापलं, उतार पायाला कळतो माझ्या. तो आकड्यातही कळतो हे म्हातारपणी समजलं. मग बुटकी, रुंद टायरांची, चारही चाकांनी ओढणारी घेतली. चढावर नाक उचलू नये म्हणून पुढं वजनं लावून घेतली. सीटच्या मागं लोखंडी कमान, गाडी उलटली तर बसणारा चिरडू नये म्हणून. कमान उभी असली की पट्टा बांधायचाच. शेडचं दार ठेंगणं, तर दोन पिना काढून कमान मागं वाकवता येते, पण बाहेर आली की पहिली ती उभी करायची. वर-खाली चालवायची, आडवी नाही. गवत ओलं असेल तर सुट्टी. हे सगळं विद्यानं मला इतकेदा सांगितलं की मला आरतीसारखं पाठ झालं.

पाठ असून काय उपयोग. आयुधपूजेच्या दिवशी गाडी शेडसमोर उभी होती, कमान वर. मी पहाटेच ती बादल्या ओतून धुतली, गवत सगळं ओलं. सीटच्या मागं केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबू ठेवलं, पुढ्यात कोहळा फोडला. आपले खंडोजीराव पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, म्हणून आपल्यात पूजा झाली की वाहन तसंच उभं ठेवत नाहीत, चामुंडीच्या बेट्टाकडे, त्या डोंगराकडे तोंड करून पाच पावलं चालवायचं. घोडा गेला, सायकल आली, तुझ्या आजोबांची स्कूटर आली, पाच पावलं कधी चुकली नाहीत. विद्या म्हणाली, आत्या, बेट्टाकडे वळवायची तर उतारावर आडवी न्यावी लागेल, नको. मी म्हटलं, पाच पावलांनी काय होतंय गं. ती बसली, पट्टा बांधला, वळवली.

मागचं चाक कोहळ्याच्या गरावर गेलं आणि गाडी आवाज न करता सरकली. नव्या, मला वाटलं होतं असं काही होताना मोठा आवाज होत असेल. सरकत जाऊन सिल्व्हर ओकच्या खोडाला टेकून ती कलली. वरची दोन चाकं हवेत फिरत होती, विद्या पट्ट्याला लोंबकळत होती. तिनंच हात लांब करून चावी बंद केली. प्रसादाला आलेल्या पुनीत मेकॅनिकनं तिला ओढून काढलं. खांदा मुरगळला, तेवढंच. पण खुंट आणि माळा बाजूला झाल्या तेव्हा सगळ्यांनी पाहिलं, कमान खाली वाकलेली. ते झाड नसतं तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. विद्यानं तुला सांगितलं, कमान उभी करायला मी विसरले. तू म्हणालीस, विसरणाऱ्या माणसानं असली गाडी चालवू नये. माणूस विसरलं असतं तर तुझं म्हणणं बरोबरच होतं.

ती विसरली नव्हती गं. कमानीच्या टोकाला कुंकू लावायला माझा हात पोचेना, म्हणून मीच पिना काढून ती खाली घेतली. कुंकू लावलं, पिना पूजेच्या ताटात ठेवल्या, वर माळा टाकल्या, तेवढ्यात भटजी आले आणि ती उभी करायची राहून गेली. नंतर सगळे विद्याला बोलत होते तेव्हा मी आठ दिवस गप्प बसले. वाटलं, कुणाला ठाऊक नाही. काल पुनीत गाडी तपासायला आला, खिशातून त्याच पिना काढल्या. मी विचारलं, तुझ्याकडे कुठून आल्या. तो बावरला आणि म्हणाला, “विद्याअक्कांना त्या दिवशीच तुमच्या ताटात सापडल्या. माझ्याकडे दिल्या आणि अज्जींना सांगू नको म्हणाल्या.” मी तिथंच ओल्या गवतात बसले. आठ दिवस ती पोरगी तुझी बोलणी खात होती, मला दूध गरम करून देत होती, आणि तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. अशी सून मला मिळाली, आणि मी काय केलं बघ. आता हे पत्र टाकून मी तशीच उतारावर जाणार आहे, माझ्या तोंडानं तिला सांगायला. रविवारी तू काय ठरवायचं ते ठरव. आईला जवळ बोलवावंसं वाटलं तर तुला भीती वाटते म्हणून बोलाव. ती विसरते म्हणून नको.

तुझीच,
अज्जी