यंत्राच्या कपाळाला गंध

कोइमतूर,
आयुधपूजेचा दुसरा दिवस, शुक्रवार

तीर्थस्वरूप सौंदरम अक्काच्या पायांशी धाकट्या तुलसीमणीचा नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस की बाटली नुसती देवापुढे ठेवली आहेस? सूनबाई अजून पहिल्या घंटीलाच फोन उचलते ना? (म्हणून तर पत्र लिहून आजच्या बसने पाठवते आहे. तुमच्याकडे फोन केला की तो साऱ्या घराला होतो, आणि इथे तुझे मेहुणे स्पीकर लावल्याशिवाय मला बोलू देत नाहीत.) आम्ही मजेत आहोत. मी तर फारच मजेत आहे. कालपासून तीनदा इडलीचं पीठ वाटलं, आणि घरात खाणारी तोंडं दोन. मध्येच उठून कपाट लावते, लावलेलं परत काढते. मला कसलीही काळजी नाही, हे तू आधी लक्षात घे.

मंगळवारी माझी पिशवी काढायची, हे तुला कळलंच आहे. आठ महिने अंगावरून जातंय, रक्त सातावर आलंय, आणि आत तीन गाठी आहेत: दोन संत्री आणि एक नारळ. (डॉक्टर लोकांना बाईच्या पोटात फळांचंच दुकान कसं दिसतं, कोण जाणे.) संमतीच्या कागदावर मी सही केली, असं सगळे समजतात. ती मी केलेली नाही. कागद तांदळाच्या डब्यात आहे. पण ते राहू दे, आधी यंत्राचं ऐक.

ऑपरेशन यंत्रमानव करणार, असं कळल्यापासून तुझे मेहुणे माझ्याकडे बघेनासे झालेत, यंत्राकडेच बघतात. तीस वर्षं पाण्याचे पंप बनवणारा माणूस, बायकोच्या पोटात कुठली मोटर जाणार हे विचारल्याशिवाय राहील का? आमच्या डॉक्टर पूंकोडी बिचाऱ्या समजावत होत्या: पोटात वायू भरून ते फुगवायचं, बोटाएवढी चार-पाच भोकं पाडायची, त्यातून यंत्राचे हात आणि कॅमेरा आत सोडायचा, आणि त्या स्वतः खोलीच्या कोपऱ्यात एका खोक्यात डोकं घालून बसणार. तिथे त्यांना आतलं सगळं दहापट मोठं दिसतं. त्यांनी बोट वळवलं की आतली चिमुकली कात्री वळते. सुटी केलेली पिशवी खालच्या वाटेने काढायची, पोट उभं चिरायचं नाही, दोन दिवसांत घरी. मी म्हटलं, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. त्या हसल्या. मेहुणे हसले नाहीत. त्यांनी खिशातून यादी काढली. वीज गेली तर? बॅटरी आहे. डोकं खोक्यातून बाहेर काढलं तर? हात जागच्या जागी थांबतात. यंत्रच बिघडलं तर? बाजूला करू आणि आमच्या हातांनी पुरं करू. मेकॅनिक कुठे राहतो? इथे डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं.

दवाखान्याने खालच्या दालनात लोकांना बघायला एक नमुन्याचं यंत्र ठेवलंय. खोक्यात डोकं घालून रबरी कड्या खुंट्यांवर चढवायच्या. शाळेची पोरं पाच मिनिटांत कंटाळतात. हे सोमवारपासून बुधवारपर्यंत रोज दोन तास तिथे. विसातल्या सोळा कड्या बसल्या! घरी येऊन चिमट्याने अप्पळम पापड तळून दाखवायला गेले, सात जाळले. पण अक्का, रिपोर्ट आल्यापासून यांचा हात कापतो. कॉफी बशीतच जास्त पडते. त्या यंत्रात हाताची थरथर गाळली जाते म्हणे, टोकाला पोचतच नाही. "तुलसी, तिथे माझा हात हलला नाही," हे त्यांनी मला चारदा सांगितलं. मला रडू आलं, म्हणून मी जाऊन पीठ वाटलं.

काल आयुधपूजा. वर्कशॉपातले लेथ धुऊन पुसून, गंध-कुंकू लावून, चुरमुरे वाटून झाले, आणि हे एकाएकी थबकले. दवाखान्यातल्या यंत्राची पूजा कोणी केली असेल? मी म्हटलं, अहो, ते दवाखान्याचं यंत्र. तर म्हणाले, "वर्षाची पूजा चुकलेल्या यंत्राखाली मी माझा पंपसुद्धा ठेवत नाही, बायको कशी ठेवू?" आणि निघाले, मला घेऊन. तिथे यंत्र चालू! आज अवजाराला विसावा द्यायचा हेही ठाऊक नाही का, म्हणून आधी तिथल्या पहारेकऱ्याला झापलं. तो चहाला गेल्यावर चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली. मग कपाळ शोधू लागले. यंत्राला कपाळ कुठे? जिथे डोळे लावतात तिथेच असणार, असा विचार करून खोक्याच्या कडेला चांगलं बोटभर चंदन थापलं, वर कुंकू. (कोहळा दारातच फोडायचा होता. तो मी मांडीवर घट्ट धरून बसले.)

एवढ्यात डॉक्टर पूंकोडी दहा-बारा पाहुण्यांना घेऊन आल्या, यंत्र दाखवायला. बसल्या, डोकं आत घातलं, बाहेर काढलं. कपाळभर चंदन, नाकावर कुंकू. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने भक्तिभावाने हात जोडले.

"हे कोणी केलं?"

"मी," हे पुढे होऊन म्हणाले, बक्षीस घ्यायला निघाल्यासारखे.

डॉक्टरबाईंनी रुमालाने कपाळ पुसलं. म्हणाल्या, "अहो काका, खरं यंत्र वरच्या मजल्यावर आहे आणि तिथे मी तुम्हाला पाऊल ठेवू देणार नाही. आणि ते आपणहून काहीही करत नाही. करते मी. पूजा करायची तर माझी करा."

हे बोलायला नको होतं. आमच्या वर्कशॉपात बारीक कामाच्या आदल्या दिवशी कारागिराला रात्रपाळी नाही, पोटात दहीभात, आणि घरी भांडण झालं असेल तर सुट्टी. तुझ्या मेहुण्यांनी तिथेच विचारलं, "सोमवारी झोपणार किती वाजता? घरी सगळं ठीक आहे ना? सासूबाई बोलतात?" डॉक्टरबाई म्हणाल्या, "सासूबाईंशी ठीक आहे, पेशंटच्या नवऱ्याशी नाही." मंगळवारी सकाळी त्यांच्याकडे डबा पाठवायचं ठरलंय. त्या नको म्हणाल्यात, तरी ठरलंय.

तर असं चाललंय. तू अजिबात काळजी करू नकोस.

तुझी,
तुलसीमणी

ता. क. शेवग्याच्या पाल्याची पूड असेल तर बसने पाठव. रक्त वाढतं म्हणतात.

ता. क. दुसरा. पूड नसली तरी चालेल. अक्का, बावीस वर्षांपूर्वी तुझंही हेच झालं. तेव्हा पोट उभं चिरलं होतं. मी रसम घेऊन यायचे आणि तू भिंतीकडे तोंड करून असायचीस. अम्मा सगळ्यांना पोटदुखी सांगायची. मीही काही विचारलं नाही. मला चिरण्याचं विचारायचं नाही, ते यंत्र मला आता स्क्रूसकट पाठ आहे. पण नंतर काय होतं, ते ना डॉक्टरबाई सांगत, ना कोणी. दोन मुलं झाली, अठ्ठेचाळिसावं चालू आहे, मला त्या पिशवीचं आता काय काम? तरी चार दिवस पोटावर हात ठेवून हिंडते आहे, जणू आतलं कोणी सासरी निघालंय. नंतर तू तीच राहिलीस का? रडलीस का? मला खरं सांग. मग मी सही करीन, किंवा करणार नाही. सोमवारी अकराला हे वर्कशॉपात असतील, तेव्हा फोन कर. सूनबाईला देवळात पाठव.

ता. क. तिसरा. हे पाठीमागे उभे राहून वाचत होते. कधीपासून, ते कळलं नाही. रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "सोमवारी मी दहालाच जातो. सावकाश बोला." आणि चपला घालून बाहेर गेले, ते मघापासून पायरीवरच बसलेत.

तेव्हा दहालाच कर.