अडाणी हात

३ मार्च, सोमवार

पडले! धावपट्टी नऊ मीटर खाली असताना विमानाने नाक वर केलं, खाली केलं, पुन्हा वर. जितकं सावरायला जावं तितकं जास्त डोललं, आणि पडदा लाल. सिम्युलेटर असल्यामुळे नुकसान एवढंच की चहा सांडला.

जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं, म्हणून नवीन विमान स्वतः उतरवून पाहायची बुद्धी झाली. बावीस वर्षं इथे नकली विमानं बनवतेय, खरं एकही चालवलेलं नाही. दुसऱ्यांची बाळंतपणं करण्यात हयात गेलेली सुईण, दुसरं काय!

हे विमान खरंखुरं उडवणार आहेत त्या कॅप्टननी याच यंत्रात ते एक्केचाळीस वेळा उतरवलंय. अलगद, फूल ठेवावं तसं.

४ मार्च

बैठकीत हे डोलणं सांगितलं. संचालक म्हणाले, मॅडम, तुम्हाला स्कूटर तरी येते का? सगळे हसले. संख्याबळ पाहून मीही हसले. ‘नाचता येईना, अंगण वाकडं,’ मागच्या रांगेतून कुणीतरी.

शुक्रवारी पहिलं खरं उड्डाण. तारीख वर कळवलेली आहे, म्हणजे दोष असूच शकत नाही.

५ मार्च

तेरा वेळा उतरवून पाहिलं. पहिल्या सातही वेळा पडले. आठव्याला कळलं!

मी स्टिक आवळून धरते आणि घाबरून जोरात ओढते. विमानापर्यंत हुकूम पोचायला किंचित उशीर होतो, तेवढ्यात मी उलटा हुकूम दिलेला असतो. मग दोघं एकमेकांना उत्तरं देत बसतात, मुरलेल्या नवरा-बायकोसारखी. (या विषयातली मी माजी तज्ज्ञ.)

कॅप्टनचा हात इथे हलका असतो, कारण इथे कुणी मरत नाही. शुक्रवारी वाऱ्याने धक्का दिला आणि मूठ आवळली गेली तर?

भावाचा फोन. मागून वहिनी — ताईंचा व्हिडिओ गेम संपला का, विचारा. दोन मिनिटं अकरा सेकंद. या महिन्याचं माहेरपण झालं.

६ मार्च

पाप केलं.

कॅप्टनचा शेवटचा सराव होता. या खोलीत कामाशिवाय येणारा हा एकच माणूस. उभ्याउभ्या चहा पितात, माझ्या यंत्राला ‘पाळणा’ म्हणतात, जातात. दिवसातलं माझं बोलणं बहुतेक तेवढंच.

धावपट्टी जवळ आली आणि मी न सांगता आडवा वारा सोडला. त्यांची मूठ आवळली. नाक वर, खाली, वर — पडदा लाल.

बाहेर आले. चेहरा पांढरा.

‘सांगितलं का नाहीत?’

‘सांगितलं असतं तर तुमचा हात हलका राहिला असता.’

‘तीस वर्षांत मला असं कुणी पाडलं नव्हतं, मॅडम.’

चहा तसाच ठेवून गेले.

सगळी नोंद, हुकमाच्या उशिरासकट, संचालकांकडे पाठवली, प्रत कॅप्टनना. तासाभरात संचालकांचं उत्तर : ‘वारा कृत्रिम. दुर्लक्ष करावे.’ या खोलीत कृत्रिम नाही असं काय आहे ते त्यांनी एकदा दाखवावं! मीच असेन, तीही फारशी नाही.

उड्डाण थांबलं नाही. बोलणारं माणूस मात्र गेलं. एका झोतात एवढंच साधलं.

७ मार्च, शुक्रवार

सकाळी साडेसहाला विमान बाहेर काढलं. फोटोग्राफर, नव्या टायमधले संचालक, कुंपणापाशी मी. कॅप्टन पूर्ण पोशाखात आले, शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि खाली घेतला.

बरं नाहीये का, संचालकांनी हळूच विचारलं.

‘बरा आहे. भीती वाटते,’ कॅप्टन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. ‘तो उशीर काढेपर्यंत मी हे उडवणार नाही. कारणाच्या रकान्यात हेच लिहा.’

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.