अंपारोचे ओठ

पासाय, रविवार दुपार

प्रिय चायोंग,

माझं अक्षर बघून कुणीतरी मेलं असं तुला वाटेल. तसं नाही. मेले ते सगळे जुनेच. बेबेंग जिवंत आहे, रोज पार्लरमध्ये येऊन गुडघ्यांच्या नावाने खडे फोडते आणि माझ्या गिऱ्हाइकांना नवरे कसे वाकवावेत ते शिकवते. स्वतःला एकही टिकवता आला नाही, पण जीभ टिकली. ‘काबिबे’ बार पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली आहे. जिथे आपलं स्टेज होतं तिथे परवा एक पांढरी व्हॅन उभी होती. मी तिच्या चाकावर थुंकून आले.

बातमी अशी की आपल्यावर सिनेमा निघाला. माहितीपट म्हणे. जन्माने पोरं असलेल्या आपण गाउन घालून जे करायचो, ज्याला नुसतं ‘शो’ म्हणायचो, त्याला आता ड्रॅग म्हणतात, आणि त्याचा इतिहास असतो. डानिका नावाची एक पोरगी वर्षभर कॅमेरा घेऊन माझ्या मागे होती. पोरगी गुणी, आईला म्हणावं तसं मला ‘नानाय’ म्हणते, येताना पानदेसाल आणते, गरम पाव. ‘काबिबे’च्या स्टेजची राणी आपली अंपारो, तिच्याबद्दल बोलायला लागले की पोरीचे डोळे भरून यायचे. “नानाय, त्यांचा हलता-बोलता एक तुकडा तरी कुठे असेल ना?” असं सारखं विचारायची. तो लग्नाचे व्हिडिओ काढणारा नेस्टर आठवतो? अंपारोवर मरायचा, दोन पोरांचा बाप असून. त्याने तिच्या शेवटच्या वाढदिवसाला तिचं शेवटचं गाणं टिपलं होतं. ती टेप माझ्या कपाटात इतकी वर्षं तशीच पडून होती. मी दिली.

पंधरा दिवसांनी डानिका आली ती तोंड पाडून. चित्र आलं, आवाज नाही आला. त्या टेपमध्ये आवाजाची पट्टी कडेला असते आणि आपल्या दमट हवेत बुरशी कडेपासूनच चढते, असं तिने समजावलं. “चालेल, मूळ कॅसेट लावू. ज्यावर त्या ओठ हलवायच्या ती. कुठाय?” मी म्हटलं, अंपारोच्या उशाखाली. “म्हणजे तिच्या घरी?” “नाही गं बाई, शवपेटीत.” आता तिला काय सांगू? ‘काबिबे’त जिचं गाणं तिचं, दुसरीने त्याला ओठ लावायचे नाहीत, ती मेली तरी नाहीत. अंपारो गेली तेव्हा आपल्या मालकिणीने, मामांगने, स्वतःच्या हाताने कॅसेट तिच्या उशाखाली सरकवली आणि आपल्या सगळ्या जणी रडत रडत ‘बरं केलंस’ म्हणाल्या. तू तेव्हा ओसाकाला होतीस. आज विचारशील तर मी आजही तेच करीन. पण पाच वर्षांनी दफनभूमीतल्या कोनाड्याचं भाडं संपलं, तिची हाडं काढून तिथे दुसऱ्या कुणाला ठेवलं. कॅसेट कुठल्या कचऱ्यात गेली ते त्या देवालाच ठाऊक.

मग मला सांगावंच लागलं की ते गाणं बाजारातलं नव्हतंच. त्या कॅसेटवरचा आवाज तुझा होता. तुझ्या आईचं वाराय भाषेतलं गाणं, अर्धं तिचं, अर्धं तू जोडलेलं. तुझा चेहरा तुला आवडत नव्हता आणि अंपारोचा आवाज म्हणजे बोहोल बेटावरचा ओरडणारा फेरीवाला, म्हणून तू पडद्यामागे आणि ती पुढे. तिला वारायचं अक्षर कळत नव्हतं. तुझ्या तोंडाकडे बघत बसून तिने एकेक शब्द ओठांत बसवला होता. सात वर्षं तिचे ओठ कधी मागे पडले नाहीत, पुढे गेले नाहीत. मी तिच्या गाउनची मागची चेन लावणारी, मला फक्त तिची पाठ दिसायची आणि तुझा आवाज ऐकू यायचा. डानिका तर उडालीच. “अहो, मग त्यांच्याकडूनच पुन्हा गाऊन घेऊ!”

म्हणून मी तुला फोन केला. तू उचललास. मी बोलतेय, बोलतेय, पलीकडून नुसता श्वास. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. अंपारो अंथरुणाला खिळलेली असताना तू जपानला निघून गेलीस म्हणून मी तुला बोलले होते ते सगळं तू मनात धरून बसलीस असं वाटलं. “एवढा माज बरा नव्हे, कैदाशिणी,” असं म्हणून मी फोन आपटला. डानिकाला म्हटलं, सोड तिचा नाद. डानिकाने एका वाराय बाईला बसवून टेपमधले अंपारोचे ओठ वाचायचाही प्रयत्न केला. त्या बाईला ‘समुद्र’ एवढा एकच शब्द सापडला. मग डानिकाने त्या चित्राखाली कुठलंसं पियानोचं संगीत लावलं आणि सिनेमा पूर्ण केला.

सोमवारी तो मॉलच्या थिएटरात दाखवला. मी आणि बेबेंग नटूनथटून गेलो, पहिल्या रांगेत. आणि चायोंग, अंपारो आली. हिरवा गाउन, ती डावी भुवई, सगळं तिचं. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला समोरून गाताना पाहत होते. पियानो एकीकडे आणि तिचे ओठ दुसरीकडे. सूर वाजतोय तेव्हा तिचं तोंड बंद, आणि तिने जीव तोडून तोंड उघडलं तेव्हा खाली शांतता. ओठ चुकले की बाकीच्यांना मामांगची चप्पल बसायची, हिला कधीच नाही, आणि हिलाच त्यांनी अशी करून ठेवली. बेबेंगला राहवलं नाही, भर अंधारात ओरडली, “ओठ मागे पडले गं, बाई!” पोरांनी आम्हाला “शूऽऽ” केलं. त्यांना ते फार सुंदर वाटत होतं. उभं राहून टाळ्या वाजवल्या त्यांनी, काही रडलीसुद्धा. त्यांची चूक नाही. त्यांना तेवढंच माहीत राहणार. आता सगळीकडे हेच दाखवलं जाईल आणि आपण मेल्यावर अंपारो म्हणजे हीच.

गुरुवारी तुझी भाची लोर्ना केस सरळ करायला आली. मी तुझा उद्धार सुरू केला तर तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. “मावशीच्या घशातलं स्वरयंत्रच काढलंय गेल्या वर्षी, ऑपरेशन करून. ती बोलत नाही आता. कधीच बोलणार नाही.” तीन दिवस तू माझी बडबड आणि शेवटी शिव्याही ऐकत राहिलीस, पण फोन ठेवला नाहीस. मला माफ कर असं लिहायला बसले होते, पण ते शब्द फार लहान आहेत.

गाणं गेलं, चायोंग. मला चाल नीट येत नाही, शब्द येत नाहीत, आणि तुझी आई नाही. सिनेमातही आता काही बदलणार नाही, डानिकाने स्पष्ट सांगितलं. तरी एक मागते. लोर्नाला सांगून फोनचा कॅमेरा तोंडासमोर धर आणि ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं ओठांनी म्हण. आवाज नको. डानिकाने मला सिनेमाची प्रत दिली आहे. मी टीव्हीचा आवाज बंद करीन, अंपारोला लावीन आणि शेजारी फोनमधल्या तुला धरीन. तिचे ओठ मागे पडलेले नाहीत, एवढंच मला मरायच्या आधी एकदा बघायचं आहे.

तुझीच, तोंडाळ,
पासिता